सांगायचा राहिलेला उत्तरार्ध

परवा मँचेस्टरहून ट्रॅमनं घरी येत होते, तर आमच्या फुटबॉल क्लबच्या ग्राउंडचे चारही मोठे दिवे लागलेले दिसले. भर दुपारी, चांगलं ऊन पडलेलं असताना. सीझन सुरू व्हायच्या आधी ते एकदा दिवे तपासून बघतात. आमच्या गावाच्या अलीकडे ट्रॅम जराशी उंचावरून जाते आणि तिथून घरांच्या छपरांवर हे दिवे दिसतात. दरवर्षी ते दिसले की मी मिलिंदला मेसेज करायचे, "दिवे लागले." तेवढाच. त्यावर त्याचं उत्तर यायचं, "आता जळायला आपण मोकळे." या वर्षी मी सवयीनं फोन हातात घेतला आणि परत पर्समध्ये ठेवून दिला.

ऑगस्ट मला पूर्वी आवडायचा. इथला उन्हाळा संपत आलेला असतो, कुंपणांवर ब्लॅकबेरी काळ्या पडायला लागतात, संध्याकाळी स्वेटर शोधावासा वाटतो आणि आपला क्लब अजून एकही मॅच हरलेला नसतो. हे शेवटचं सुख फार तर आठवडाभर टिकतं, पण असतं. यंदा मात्र ऑगस्ट नकोसा झाला आहे.

आम्ही चौघे भूलतज्ज्ञ. मिलिंद नांदेडचा, अरविंद पुण्याचा, मी साताऱ्याची आणि पीटर इथलाच, ग्राउंडच्या मागच्या गल्लीत जन्मलेला. गावातल्या लहानशा हॉस्पिटलात आम्ही उमेदीची सगळी वर्षं एकत्र काढली. सुरुवातीला आम्हा तिघांना शनिवार खायला उठायचा. दुकानं लवकर बंद, ओळखी नाहीत, घरी फोन करायचा तर महाग. पीटरनं हे पाहिलं आणि एका शनिवारी जेवणानंतर आम्हाला कोट घालायला लावून ग्राउंडवर नेलं. माझ्या नवऱ्याला क्रिकेटखेरीज काही कळत नाही, तो आला नाही. मी गेले, आणि मग जातच राहिले.

आमचा क्लब म्हणजे फार मोठं काही नाही. टीव्हीवर दिसतो तो फुटबॉल वेगळा. आमच्या क्लबचा लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, मला एकदा सुपरमार्केटमध्ये कांदे निवडताना भेटला होता. मी त्याला शनिवारच्या मॅचबद्दल सॉरी म्हटलं, तर तो मलाच सॉरी म्हणाला. स्टँडमधल्या खुर्च्यांवर पाणी साचतं, चीज अँड अनियनचा पाय, म्हणजे इथली मोठी करंजीच, तो वरून भाजतो नि आतून गार असतो, आणि दर दोन वर्षांनी कुणीतरी नवा मॅनेजर येऊन सगळं बदलणार असतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं अरविंद प्रत्येक सीझनला एकदा तरी म्हणतो.

डिपार्टमेंटमध्ये आम्ही चारच जण. त्यामुळे दर शनिवारी चौघांतला एक जण ऑन कॉल असायचा. तिघं मॅचला, चौथा ऑपरेशन थिएटरमध्ये. सुट्टीची कितीही अदलाबदल केली तरी चौथी खुर्ची काही भरायची नाही. हॉस्पिटलात असताना आम्ही चौघं एकाही मॅचला एकत्र बसलो नाही. लोकांना हे सांगितलं की हसू येतं, पण ते तसंच होतं.

मग त्या चौथ्यासाठी एक रीत पडली. रविवारी सकाळी पेशंट पुढच्या डॉक्टरकडे सोपवून हँडओव्हर झाला की कॉफी रूममध्ये बसून त्याला मॅच सांगायची. रीत मिलिंदनं पाडली आणि नियमही त्याचाच. स्कोअर आधी सांगायचा नाही. पहिल्या शिट्टीपासून सुरू करायचं आणि जसं घडलं तसं, क्रमानं, शेवटपर्यंत न्यायचं. ऑन कॉल असलेल्यानं रेडिओ लावायचा नाही, पेपर उघडायचा नाही. थिएटरमधल्या नर्सेसना, पोर्टर्सना, सगळ्यांना हा नियम पाठ झाला होता. एकदा एका सर्जननं टाके घालता घालता स्कोअर सांगून टाकला, तर मिलिंद पुढचा आठवडाभर त्याच्याशी फक्त ब्लड प्रेशरपुरतं बोलत होता.

सांगण्याची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. पीटर इतकं थोडक्यात सांगायचा की त्याला वारंवार मागे न्यावं लागे. अरविंदच्या घराण्यात कीर्तनकार होऊन गेलेले, त्यामुळे तो साध्या थ्रो-इनचंही आख्यान लावायचा. मी सांगायला लागले की पाऊस, शेजारच्या बाईंची टोपी, रेफरीचं पोट, सगळं यायचं. मिलिंद थोडा वेळ ऐकून घ्यायचा आणि मग ठरलेला प्रश्न टाकायचा.

"ते सगळं ठीक आहे, शैला. तेव्हा लेफ्ट बॅक कुठे होता?"

कॉलेजात तो स्वतः लेफ्ट बॅक खेळलेला. बॉल तर सगळेच बघतात, त्यात काय, असं त्याचं म्हणणं. ज्याच्याकडे बॉल नाही त्याच्याकडे बघ. तो उगीच धावतोय असं वाटतं, पण त्याच्यामागे एक जण ओढला जातो, आणि मग ज्याच्याकडे बॉल आहे त्याला वाट मिळते. गोल झाल्यावर सगळे गोल मारणाऱ्याच्या अंगावर जाऊन पडतात. हा तिकडे कडेला गुडघ्यावर हात ठेवून दम खात उभा असतो. मिलिंद हे सांगायचा तेव्हा मला आमचंच काम आठवायचं. पेशंटला सर्जनचं नाव जन्मभर लक्षात राहतं. आपल्याला झोपवलं कुणी आणि परत जागं कुणी केलं, हे तो लिफ्टपर्यंत जाईतो विसरलेला असतो.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये टीमवर्कची पोस्टर्स असायची. एकमेकांवर ठेवलेले वेगवेगळ्या रंगांचे हात आणि खाली एखादं गुळगुळीत वाक्य. मला त्यांची चीड यायची. हातावर हात ठेवून फोटो काढायला काय लागतं? फुटबॉल बघून मी जे थोडंफार शिकले ते त्या पोस्टरवर मावणारं नव्हतं. बराचसा वेळ काहीच घडत नाही, हे शिकले. आपली माणसं हरत असताना शेवटपर्यंत बसून राहायचं, हे शिकले. आणि एक जण नसला की त्याची जागा रिकामी राहत नाही, बाकीचे थोडं थोडं सरकतात आणि ती झाकतात, हे शिकले. यातून शहाणपण आलं म्हणावं, तर तेही कळत-नकळतच आलं.

एकेक करत आम्ही रिटायर झालो, पण जागा भरल्या गेल्या नाहीत, त्यामुळे मागे उरलेल्याला शनिवार मोकळा मिळेना. मिलिंद सगळ्यांत धाकटा, तो गेल्या वर्षी जुलैत झाला. निरोपसमारंभात त्यानं भाषण केलं नाही, चार सीझन तिकिटं काढून दाखवली. शेजारशेजारच्या चार खुर्च्या. पीटरच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो ते धुळीचं आहे म्हणाला.

पहिल्या मॅचला उकाडा होता. इकडच्या मानानं. आम्ही चौघं ओळीनं बसलो, एकमेकांच्या कोपरांना कोपरं लागत होती, आणि आमचा क्लब तीन गोल खाऊन हरला. बाहेर कार पार्कमध्ये आलो आणि कुणालाच निघवेना. काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं. मग मिलिंद म्हणाला, "आता हे सांगायचं कोणाला?" आम्ही खूप हसलो. हसून झाल्यावर मात्र थोडं चुकल्याचुकल्यासारखं झालं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते मिळालं होतं, आणि रविवारची सकाळ रिकामी झाली होती.

असे मोजकेच शनिवार मिळाले. ऑक्टोबरमध्ये अंधार लवकर पडायला लागला, दिवे लागायला लागले. एका मॅचला मिलिंद माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाला आणि मला त्याचे डोळे पिवळे दिसले. दिव्यांचा रंग असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पलीकडे अरविंद मॅच सोडून त्याच्याकडेच बघत होता. पीटरही. तीन डॉक्टर एका माणसाच्या दोन बाजूंना बसून एकच गोष्ट बघत होते आणि कुणी तोंड उघडत नव्हतं. हाफटाइम झाला तेव्हा पीटरनं चिप्सचा कागद खुर्चीखाली ठेवला आणि विचारलं, "किती दिवस झाले?"

"मॅच संपू दे," मिलिंद म्हणाला.

स्वादुपिंडाचा कॅन्सर. पुढचं आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, आणि हीच त्यातली वाईट गोष्ट होती. इतर घरांत अशा वेळी लोक एकमेकांशी थोडं खोटं बोलतात, त्यावर चार दिवस निघतात. आमच्यात ती सोय नव्हती. स्कॅन मिलिंदनं स्वतः वाचला, नंतर आम्हा तिघांना दाखवला. चौघांनी तो वाचला आणि मग अरविंदनं चहा टाकला.

मिलिंदला ग्राउंडवर येणं जमेना. जुनी रीत आपोआप परत आली. तिघं मॅचला, चौथा घरी. शनिवारी मॅच सुरू व्हायच्या आधी तो फोन रंजनाकडे, त्याच्या बायकोकडे, देऊन टाकायचा. इथे शनिवारी दुपारच्या मॅचेस टीव्हीवर दाखवत नाहीत, तेवढं बरं होतं. रविवारी आम्ही त्याच्या घरी जायचो. तो सोफ्यावर पांघरुणात, आम्ही समोर, आणि रंजना खिडकीपाशी सुडोकू सोडवत. रंजनाला फुटबॉलचं प्रेम नाही. ग्राउंडवर ती कधी आली नव्हती. पण पेन हातात धरून ती ऐकत असायची, आणि कधीकधी त्या चौकोनांत अर्धा तास एकही आकडा पडायचा नाही.

त्याचा सीझन आणि क्लबचा सीझन एकदमच उतरणीला लागले. मला अशा योगायोगांचा राग येतो. पण क्लब खरोखरच तळाला गेला होता, आणि या वर्षी खालच्या डिव्हिजनमध्ये ढकलला जाणार असं सगळं गाव म्हणत होतं. त्यात गोलकीपरचा खांदा निखळला, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. अरविंदनं एकदा पुण्याहून आलेला अंगारा खिशातून काढला आणि चोरट्यासारखा मिलिंदसमोर धरला. मिलिंद बाबासाहेबांना मानणारा, जन्मभर असल्या गोष्टींशी भांडलेला. मला वाटलं, आता पेटणार. त्यानं पुडी हातात घेतली, नीट घडी केली आणि अरविंदला परत दिली.

"गोलकीपरच्या खांद्याला लाव. त्याला जास्त गरज आहे."

डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. त्या महिन्यांतलं ऊन मला आठवतच नाही. पाय ओले, बोटं गार, समोर चिखलात आपली माणसं हरताहेत, आणि माझ्या शेजारी एक मिटलेली खुर्ची. मी मॅच बघता बघता मनात वाक्यं जुळवायचे. हे असं सांगेन, ते तसं सांगेन. कधी वाटायचं, आपण ही मॅच बघतोय कशाला, हे सगळं त्याच्या घरात नेऊन ठेवायला. त्याच्या आजाराचा स्कोअर आम्हाला आधीच माहीत होता. मॅचचा तेवढा त्याला माहीत नसायचा. रविवारचा तो एक तास असा होता की त्याच्या आयुष्यात काहीही होऊ शकत होतं. मला त्या तासाची आसक्ती लागली होती, हे मी आता कबूल करते. तो थकलेला असायचा तरी मी जायचे.

एप्रिलमध्ये तो हॉस्पिसमध्ये गेला, म्हणजे शेवटचे दिवस नीट जावेत म्हणून ठेवतात तिथे. चौदा तारखेला मँचेस्टरच्या जयंतीला जायचा त्याचा हट्ट होता, तो जमला नाही. रंजनानं खोलीतच बाबासाहेबांचा फोटो लावला, मेणबत्ती चालत नाही म्हणून फुलं ठेवली, आणि त्यानं पडल्यापडल्याच त्रिसरण म्हटलं. मग मला म्हणाला, "आता एवढी शेवटची मॅच ऐकायची आहे. क्लब राहतो की जातो तेवढं कळलं की बास."

शेवटची मॅच आमच्याच ग्राउंडवर होती. जिंकलो तर राहणार, नाहीतर खाली. सकाळी हॉस्पिसच्या नर्सचा फोन आला तेव्हाच आम्हाला कळलं की रविवारची वाट बघण्यात अर्थ नाही. मॅच संपली की सरळ तिकडे जायचं ठरलं. पीटर दुपारी मला घ्यायला आला, दारात उभा राहून त्याला येणारा एकुलता एक मराठी शब्द म्हणाला, "चला."

पहिल्या हाफमध्ये आमचा एक गोल झाला. कॉर्नरवरून. स्टँडमध्ये लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, पीटरनं मला उचललं, मी या वयात. दुसऱ्या हाफमध्ये आम्ही दोन खाल्ले. शेवटच्या शिट्टीनंतर लोक घरी जाईनात, नुसते बसून राहिले. आम्हाला बसायची सोय नव्हती.

हॉस्पिसच्या बागेत अजून उजेड होता. खिडकी उघडी होती. मिलिंद उशीला टेकून बसला होता, म्हणजे त्याला बसवला होता. डोळे मात्र टक्क जागे. आम्ही तिघांनी येताना गाडीत ठरवलं होतं की खोटं सांगायचं नाही. सांगायचं मी.

मी सुरुवात केली. वारा कुठून होता, कोण खेळत होतं, कोण नव्हतं. मिलिंद डोळे मिटून ऐकत होता. कॉर्नरचं सांगितलं, गोलचं सांगितलं, पीटरनं मला उचलल्याचं सांगितलं. तो हसला. त्याचा ठरलेला प्रश्न आला, अगदी पुटपुटल्यासारखा, आणि या वेळी मला उत्तर माहीत होतं. लेफ्ट बॅक कडेनं धावत गेला होता, त्याच्यामागे त्यांचे दोघं ओढले गेले, म्हणून तर मधली जागा मोकळी झाली. मिलिंदनं बरोबर आहे अशी मान हलवली. मग मी हाफटाइमपर्यंत आले, आणि त्यानं पांघरुणातून हात काढून माझ्या हातावर ठेवला.

"दमलो गं. बाकीचं उद्या. सकाळी हँडओव्हरला सांग."

मला सुटल्यासारखं झालं. खरं सांगते, त्या क्षणी मला फक्त तेवढंच झालं. आम्ही गुड नाइट म्हणून निघालो.

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा रंजना दारातच उभी होती. पहाटे गेला होता.

अंत्यसंस्कारांच्या वेळी पीटर क्लबचा स्कार्फ घालून आला. पंचशील म्हणून झालं, भन्तेंनी दोन शब्द सांगितले, आणि अरविंद माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "शैला, इथे सांगून टाक. मनातल्या मनात का होईना." मला जमलं नाही. उलट गेले तीन महिने मी एका विचाराला धरून राहिले. मिलिंद गेला तेव्हा आपण एक-शून्यनं पुढे होतो. त्याच्या जगात क्लब खाली गेलाच नाही. तो दुसरा हाफ माझ्याकडे राहिला आणि त्याच्यापर्यंत पोचला नाही. रडू आलं की मी स्वतःला हेच सांगायचे, आणि तेवढ्यापुरतं भागायचं.

काल नव्या सीझनची पहिली मॅच होती. खालच्या डिव्हिजनमधली. खुर्च्या चारच ठेवल्या आहेत, पीटरनं त्याबाबत कुणाला विचारलं नाही. सकाळी रंजनाचा फोन आला, मी येऊ का म्हणून. ती आली, मिलिंदच्या खुर्चीवर बसली, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून. हाफटाइमला पीटर आणि अरविंद चहा आणायला गेले. आम्ही दोघीच होतो. समोर गवतावर पाणी मारत होते.

मी तिला म्हटलं, "एका गोष्टीचं मला बरं वाटतं गं. त्याला कळलं नाही ते."

रंजनानं माझ्याकडे बघितलं. सांगावं की नाही असं तिचं झालं असावं.

"कळलं होतं त्याला," ती म्हणाली. "तुम्ही गेलात आणि लगेच म्हणाला, हरले. मी म्हटलं, कशावरून? तर म्हणे, अरविंदनं आत आल्यावर कोट काढला नाही. आणि शैला पहिला हाफ इतका सावकाश सांगत होती, तिला पुढे जायचंच नव्हतं. म्हणून मीच तिला उद्या सांग म्हटलं, असं म्हणाला. तिला जड जात होतं."

आम्ही तिघं मिळून त्याला सांभाळत होतो, असं मी इतके दिवस समजत होते. तो दमला नव्हता असं मी म्हणत नाही. दमलाच होता. पण उरलेला दम त्यानं कशावर खर्च केला, हे मला काल कळलं.

"आता सांग," रंजना म्हणाली. "दुसरा हाफ. मी तुमचा नियम मोडणार नाही, क्रमानं सांग."

मी सांगायला लागले. शेवट सगळ्या गावाला ठाऊक होता, तिलाही. तरी मी शिट्टीपासून सुरू केलं. वारा फिरला ते सांगितलं. पहिला गोल सांगितला, आमच्याच माणसाच्या पायाला लागून आत गेलेला. लोक कसे गप्प झाले ते सांगितलं. मग दुसरा. बॉल मधून आला, त्यांचा तो उंच पोरगा पुढे झाला, गोलकीपर पडला, आणि बॉल हळू हळू, अगदी सावकाश, रेषेच्या आत गेला. तेवढा मला स्वच्छ दिसला होता. अजून दिसतो.

रंजना खुर्चीत थोडी पुढे सरकली.

"आणि तेव्हा लेफ्ट बॅक कुठे होता?"

मला तो दिसलाच नव्हता. मी बॉलकडे बघत होते.